दुपारची अळवंतीण

एका दुपारी मी ठरवलं, आज एकदाच बायचं लुगडं नेसायचं. एकदाच. पोरीच्या पोटात दोन बोंडली दूध गेलं की ते सोडून परत खुंटीवर टाकायचं. कुणाला कळायचं कारण नव्हतं. एवढीशी गोष्ट. पण माझ्या हातून एवढीशी गोष्ट एवढीशी राहत नाही, हे आमच्या कुडपण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. (एकदा मी गोठ्याची एक गळकी जागा नीट करायला वर चढलो होतो. तो सगळा पावसाळा आमची गुरं हैबतीदादाच्या गोठ्यात राहिली.)

बाय म्हणजे माझी थोरली बहीण, आवडी. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो आणि बाय अकराची. तेव्हापासून मला तिनंच न्हाऊमाखू घातलं, जेवू घातलं, शाळेत ढकललं. दुसरीनंतर मी शाळेतून पळून आलो तेव्हा तिनंच मला झोडपलं आणि मग तीच रडत बसली. लग्न होऊन ती खाली पोलादपूरच्या अंगाला गेली. मेहुणा मुंबईला गिरणीत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, हा रिवाज. आता माहेरी बाईमाणूस म्हणून कुणी नाही, एक म्हातारा बाप आणि एक मी, तिथं बाळंतिणीनं येऊन करायचं काय? पण तिच्या सासूनं, प्रयागबाईनं, रिवाज म्हणजे रिवाज म्हटलं आणि बाय आषाढात भरल्या पोटानं डोंगर चढून आली. आल्या आल्या तिनं आधी घर झाडून काढलं.

पोरगी झाली. ठकूबाई सुईण म्हणाली, दोघी चांगल्या आहेत. आठव्या दिवशी बायला ताप भरला. दहाव्या दिवशी आम्ही डोली केली आणि तिला खाली दवाखान्यात न्यायला निघालो. पुढचा दांडा माझ्या खांद्यावर होता. अर्ध्या उतारावर ती म्हणाली, "मयपत, थंडी वाजते रे." मी माझी घोंगडी तिच्यावर टाकली. पुढच्या वळणावर मागून बा म्हणाला, "थांबा. आता कशाला घाई करताव?" आम्ही डोली वळवली. मी अजून त्या वळणावरून जाताना दुसऱ्या बाजूला बघतो.

घरी पोर होती.

तेरावं झालं, मेहुणा गिरणीत परत गेला. प्रयागबाईनं सांगितलं की पोर अजून कोवळी आहे, पाऊस उघडला की बघू. म्हणजे पोर आमच्याकडे. बा नाचणीच्या खाचरात. म्हणजे पोर माझ्याकडे. अठरा वर्षांचा मी, दोन बैल, सहा शेळ्या आणि एक माणूस एवढ्यांची आई झालो. त्यातलं माणूसच सगळ्यात अवघड निघालं.

शेजारच्या हैबतीदादाच्या बायकोचा मुलगा चार महिन्यांचा होता. तिला मी राहीवैनी म्हणतो. ती सकाळी आणि दिवे लागायच्या आधी येऊन आपलं अंगावरचं दूध आमच्या पोरीला पाजून जायची. देवमाणूस. पण मधली सगळी दुपार माझी. शेळीचं दूध पाणी घालून उकळायचं, कोमट करायचं, बोंडल्यात घ्यायचं आणि त्या चोचीतून थेंब थेंब पोरीच्या तोंडात सोडायचं. ऐकायला सोपं आहे. पोर तोंड मिटून घ्यायची. उघडलं तर रडायला. त्यात दूध गेलं तर ठसका. नाही गेलं तर माझ्या मांडीवर. शेवटी एक धार दुसऱ्या बाजूनंही यायची आणि लंगोट बदलता बदलता मी तिला आणि स्वतःला एकाच फडक्यानं पुसायचो. ठकूबाईनं टाळूवर तेल घालायला आणि अंग चोळायला शिकवलं होतं. मला चोळणं येतं ते बैलाचं. पहिल्या दिवशी माझा हात बघून ठकूबाईनं पोर माझ्याकडून काढून घेतली आणि विचारलं की हिला औताला जुंपायची आहे का. अंगाई मला एकही येत नव्हती. नांगर धरताना बैलांना म्हणतो तेच म्हणायचो. पोर घाबरून गप्प व्हायची, तेवढंच बरं.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती. मला ती पोर आवडत नव्हती. तिच्याकडे बघितलं की वाटायचं, ही आली आणि ती गेली. एका दुपारी ती इतकी रडली की मी तिला पाटीत ठेवून, कानात बोटं घालून, परसात जाऊन बसलो. किती वेळ ते सांगत नाही. दुसऱ्या दिवशी वैनी पाजत होती तेव्हा मी पाठमोरा बसून, चुलीशी बोलल्यासारखं, हे तिला सांगून टाकलं. वाटलं, आता ही उठून जाईल.

वैनी म्हणाली, "माजी थोरली झाली तवा मी तिला एकदा बांधावर ठेवून चार खाचरं लांब चालत गेले व्हते. मागं नाय बगितलं."

"मग?"

"मग काय, अंगावरचं दूध गळाय लागलं. आले परत." थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुजं काय गळलं?"

माझं काय गळणार? म्हटलं, "नाकातनं पाणी." ती हसली. बाय गेल्यानंतर आमच्या घरात कुणी हसलं ते पहिल्यांदा.

तर लुगडं. बायचं अंजिरी लुगडं खुंटीवर होतं, दवाखान्यात जाताना जे बदललं ते. त्या दुपारी पोर काही केल्या घेईना. माझ्या मनात आलं, हिला माझ्या अंगाचा शेळीचा वास येत असेल, आईचा हवा असेल. मनात आलं की मी थांबत नाही. लुगडं ओढलं, कमरेला दोन वेढे मारले, उरलेलं छातीवरून डोक्यावर घेतलं, त्या पदरात पोरीला गुंडाळलं आणि बोंडलं लावलं. ती प्यायली. डोळे मिटून, मुठी सोडून, एक बोंडलं, दुसरं बोंडलं, आणि मग माझ्या छातीशी तोंडानं शोधायला लागली. तिथं तिला देण्यासारखं काही नव्हतं. पण लुगड्याला अजून बायचा वास होता. मग आम्ही दोघंही तो घेत बसलो.

त्यानंतर रोज दुपारी. लुगडं नेसायचं, पाजायचं, आणि ढेकर येईपर्यंत गोठ्यामागं फेऱ्या मारायच्या. श्रावणात आमच्या पठारावर भर दुपारी असं धुकं उतरतं की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा. कोण बघणार?

कुशाबानं बघितलं. कुशाबा म्हणजे गावातला जुना माणूस, त्याची म्हैस रोज हरवते. ती शोधत तो आमच्या गोठ्यामागं आला, आणि म्हशीशिवाय, पण फार वेगानं गावात गेला. बाळंतपणात गेलेली बाई अळवंतीण होते आणि आपल्या पोरापायी घराभोवती फिरते, असं आमच्याकडे मानतात. तिन्हीसांजेला बा हे ऐकून आला. दारातच बसला. म्हणाला, "मयपत, आवडी दिसली. गोठ्यामागं. पोर घेऊन उभी व्हती."

मी काय केलं असेल? मी धावत सुटलो. गोठ्यामागं गेलो, बांधापर्यंत गेलो, "बाय, बाय" अशा हाका मारल्या. कुणी नव्हतं. रात्रभर माझ्या डोक्यात एकच, ती कुशाबाला दिसली, त्याच्या म्हशीला दिसली असेल, मग मला का नाही? दुसऱ्या दुपारी मी लवकर पाजायला घेतलं. पोर शांत असली पाहिजे, चांगली गुंडाळलेली असली पाहिजे, बायला वाटलं पाहिजे की मयपत नीट करतोय. म्हणून लुगड्यासकट, पोरीसकट, मी धुक्यात जाऊन तिची वाट बघत उभा राहिलो. चांगला तासभर. इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ती आली नाही. रडलोही.

संध्याकाळी कुशाबाची दुसरी बातमी आली. आज त्यानं जवळून बघितलं होतं. अळवंतीण अंजिरी लुगड्यात होती. पोर छातीशी धरून तासभर उभी होती, इकडंतिकडं बघत होती, कुणाची तरी वाट बघितल्यासारखी, आणि रडत होती.

"कुणाची रे वाट बगत असंल?" बानं विचारलं.

मीही विचार करायला लागलो, कुणाची बघत असेल. विचार करता करता खुंटीकडे नजर गेली. बायला आम्ही हिरव्या लुगड्यात पोचवलं होतं. अंजिरी इथं होतं. (दुसरीपर्यंत शिकलेल्या माणसाला एवढा वेळ लागायचाच.) म्हणजे ती आलीच नव्हती. मी माझीच वाट बघत उभा होतो.

त्या दिवशी मला ती दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं. म्हणून मी लगेच खरं सांगितलं नाही. लाजही होती. आणि दुसरं असं की तेरावं झाल्यापासून गावात तिचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि आता सगळे घेत होते. आवडी कशी हसायची, आवडी कशी चालायची. मला ते ऐकायला बरं वाटत होतं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी राहीवैनी आली नाही. संध्याकाळीही नाही. मी गेलो तर हैबतीदादा दारात आडवा. आपल्या पोरीला दुसरी बाई छातीशी लावते हे अळवंतिणीला खपत नाही, ती त्या बाईचं पोर नेते, असं त्याला कुशाबानं सांगितलं होतं. मागं वैनी उभी होती. तिच्या चोळीवर दोन ओले डाग पडले होते. 

नुसतं शेळीचं दूध पोरीला झेपेना. घेतलेलं ओकायची. पाच दिवसांत तिचे हात काटक्यांसारखे झाले आणि रडणं मांजराच्या पिल्लासारखं. टाळू खोल गेली. आता मला ती आवडत नाही म्हणायची सोयही राहिली नाही.

मग मी खरं सांगायला निघालो. आधी बाला सांगितलं की गोठ्यामागं मीच होतो. बानं माझ्या कपाळाला हात लावला, अंग गरम आहे का बघितलं, आणि देवाला एक नारळ जास्तीचा बोलला. मग हैबतीदादाला सांगितलं. त्याचे डोळे भरून आले. म्हणाला, "मेल्या बहिणीवर बोल नको म्हणून सोताच्या अंगावर घेतंस. भाव असावा तर असा." आणि दार लावून घेतलं. कुशाबाला सांगितलं तर तो चिडला. चाळीस वर्षं तो भुतं बघत आला होता, त्याला बाई आणि बाप्या कळत नाही का?

मंगळवारी भगत बोलावला, खालच्या वाडीचा येसाजी. तो सात खिळे घेऊन आला. गोठ्यामागं आणि उंबऱ्यात ते ठोकले की बाय परत कधी घराकडे येऊ शकणार नव्हती. प्रयागबाईही डोंगर चढून आली. हे निस्तरल्याशिवाय ती पोरीला आपल्या घराचा उंबरा ओलांडू देणार नव्हती. भर दुपारी आमच्या खळ्यात सगळं गाव. पोर माझ्या हातात, रडायचीही थांबलेली. येसाजीनं पहिला खिळा उंबऱ्यावर टेकवला आणि हातोडी उचलली.

तो उंबरा ओलांडून बाय भरल्या पोटानं आत आली होती. मला सहन झालं नाही. मी आत गेलो, लुगडं ओढलं, जमेल तसं गुंडाळलं, पदर डोक्यावर घेतला आणि पोरीसकट बाहेर येऊन उभा राहिलो. वाटलं, आता तरी डोळ्यांनी बघतील आणि हसतील. मारतीलही. पण संपेल.

कुणी हसलं नाही. बायका मागं सरकल्या. बा मटकन खाली बसला. कुशाबा हळूच म्हणाला, "आली."

येसाजीनं हातोडी ठेवली, चिमूटभर अंगारा घेतला आणि पुढं आला. "कोण गो तू?"

"मी महिपत."

"भावाचं नाव घेते," कुशाबानं सगळ्यांना समजावून सांगितलं.

"खरं सांग. कोण तू?"

"खरंच सांगतो. मी महिपत. चांगूचा महिपत. गोठ्यामागं मीच..."

"भावाला झाड केलंस, त्याच्या अंगात शिरलीस, मला कळलं," येसाजी म्हणाला. "कशापायी आलीस? काय पायजे तुला?"

आता ह्याला काय सांगणार? मी पोरीकडे बघितलं. मला काय हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

"राहीवैनीचं दूध," मी म्हणालो.

 मग येसाजी हैबतीदादाकडे वळला. म्हणाला, ऐकलंस? ती तुझ्या बायकोवर रुसलेली नाही, ती तुझ्या बायकोकडं मागायला आली आहे.  हैबतीदादानं मान डोलावली.

"दूध दिलं तर जाशील?" येसाजीनं मला विचारलं.

हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. 

"दिलं तर जाशील का? परत येणार नाय, असं बोल. मग मी खिळे ठोकत नाय."

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. बा तर असा बघत होता, जणू पदराखाली खरंच तिचं तोंड असावं. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. डोलीत तिला तो बोलायला मिळाला नव्हता, आणि मलाही तिला काही बोलायला मिळालं नव्हतं. थंडी वाजते म्हणाली, मी घोंगडी टाकली, एवढंच. पोरीनं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"जाते," मी म्हणालो.

बा रडायला लागला. "जा गो बाय," तो म्हणाला. "सुखानं जा."

मला राहवलं नाही. (मला कधीच राहवत नाही.) मी म्हणालो, "पन पोर उपाशी ठेवलीत तर येईन."

"नाय ठेवणार," चार-पाच जण एकदम म्हणाले.

मी पदर काढणार, तेवढ्यात प्रयागबाई हात जोडून पुढं आली. ती माझ्या पाया पडली, पोरीला सांभाळीन म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून विचारलं, "जायच्या आदी येवढं सांग गो, अडकित्ता कुठं ठेवलायस?"

मी कधी तिच्या घरात दोन घटकांच्या वर बसलोही नव्हतो. म्हणालो, "कणगीच्या मागं." आमच्या घरात जे हरवतं ते तिथंच सापडतं.

मग मी बसकण मारली आणि खरंच शुद्ध हरपल्यासारखा पडून राहिलो, कारण दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. राहीवैनीनं माझ्या हातातून पोर घेतली आणि आत नेली.

मी उठून आत गेलो तेव्हा ती भिंतीला टेकून पाजत होती. पोर घटाघट पीत होती, तो आवाज ऐकत मी दारातच उभा राहिलो. वैनीनं माझ्याकडे न बघता विचारलं, "अळवंतिणीला मिशी कवापास्न फुटाय लागली रे?"

"तुला ठावं व्हतं?"

"कुशाबानं पयल्या दिवशी सांगितलं, ती ढांगा टाकत फिरते. आवडी कदी ढांगा टाकायची?"

"मग त्यांना सांगितलं का नाय?"

"सांगितलं की. घरात माजं कोन ऐकतं? तुजंपन नाय ऐकलं." तिनं पोरीला दुसऱ्या बाजूला घेतलं. "मेलेल्या बाईचं ऐकतात."

बाहेर बा लोकांना गूळपाणी देत होता. मी लुगड्याची घडी करायला लागलो. ती मला नीट येत नाही. वैनीनं सांगितलं की राहू दे, धुवू नकोस, पोरीच्या अंगाखाली घाल.

पाऊस उघडल्यावर प्रयागबाई पोरीला न्यायला आली नाही. तिचा अडकित्ता कणगीच्या मागं सापडला होता, आणि जिथं आवडीचा जीव आहे तिथंच पोर राहू दे, असा तिनं निरोप धाडला. मला ते बरं वाटलं, इतकं की मला माझीच शरम वाटली. पोर आता दात काढते आहे आणि रात्री मला झोपू देत नाही. रागही येतो. बांधावर ठेवून चालायला लागावंसं वाटतं, मग माझ्या नाकातून पाणी येतं.

दिवाळी झाल्यावर बानं माझ्यासाठी बिरवाडीची एक मुलगी बघितली. त्यांची माणसं येऊन घर बघून गेली, बैल बघून गेली, गावात चौकशी करून गेली. आठवड्यानं मध्यस्थाकरवी उत्तर आलं. मुलगा कामाचा दिसतो. घरात लहान पोर आहे, तिलाही आमची मुलगी सांभाळील. नणंद वारली, वाईट झालं. पण ती अधूनमधून मुलाच्या अंगात येते असं ऐकलं, तर लग्न नक्की कुणाशी लावायचं, तेवढं आधी घरात ठरवून कळवा.